बाळंतपणाची पिशवी आणि दवाखान्याचं दार

नववा महिना लागला की आपल्याकडे पिशवी भरायला सुरुवात होते. जुन्या सुती साडीचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, चार दुपटी, झबली, टोपरं, लंगोट. बाईसाठी पुढून उघडणारे गाऊन, पॅड, टॉवेल, चपला. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर बादली-मग, ताट-वाटी-पेला, चादर आणि सोबतच्या माणसासाठी सतरंजी. हल्ली मोबाइलचा चार्जरही. ही यादी आई सांगते, सासू सांगते, शेजारीण सांगते. खाजगी दवाखाने तर छापील यादीच हातात देतात.

यादी उपयोगाचीच आहे. पण वस्तीतल्या बायकांबरोबर दवाखान्यात जा-ये करताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. या यादीत बाळाला लागणारं सगळं असतं, दवाखान्याला लागणारं असतं, घरच्यांच्या सोयीचंही असतं. त्या दोन-तीन दिवसांत बाईला स्वतःला काय लागणार आहे, ते मात्र त्यात नसतं. तिला माहिती लागणार असते. कोणाचा तरी हात धरायला लागणार असतो. ‘हे कशासाठी करताय?’ असं विचारण्याचं बळ लागणार असतं. यातलं काही बाजारात मिळत नाही आणि शेवटच्या आठवड्यात गोळाही करता येत नाही. म्हणून मला वाटतं, बाळंतपणाची तयारी हा प्रत्येक घराचा खाजगी मामला आहे असं समजणं आपण सोडून दिलं पाहिजे. हे आपल्या गटांचं, संघटनांचं काम आहे.

दवाखाना हवाच

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. दवाखान्यातल्या वागणुकीबद्दल तक्रार केली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘त्यापेक्षा पूर्वीचं घरचं बाळंतपण बरं होतं.’ मला हे मान्य नाही. घरच्या बाळंतपणात माया होती, सुईणीच्या हातात अनुभव होता, हे खरं. पण अंगावरून रक्त जायला लागलं, रक्तदाब वाढून झटके आले, बाळ आडवं आलं, की त्या मायेचा काही इलाज चालत नसे. बाईचं मरण ‘बाळंतपणात गेली’ एवढ्या दोन शब्दांत संपायचं.

१९९२-९३ साली पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली तेव्हा देशात जेमतेम चौथा हिस्सा बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं, महाराष्ट्रात तर ९४.७ टक्क्यांवर. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावत होत्या. पूर्वीच्या मानाने हे आकडे खूपच खाली आले आहेत. दवाखाना, रक्तपेढी, रुग्णवाहिका आणि गावोगावच्या आशाताई यांचा त्यात वाटा आहे. तो नाकारून आपण कोणाचंच भलं करणार नाही.

सुरक्षित जागी बाळंत होता यावं ही आपलीच जुनी मागणी आहे. १८६३ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती. त्या दारात बाईला ‘नवऱ्याचं नाव काय’ म्हणून अडवलं जात नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत दारं पुष्कळ उघडली. प्रश्न आहे तो दाराच्या आत काय होतं याचा.

दाराच्या आत एकटी

घरी बाळंत होणारी बाई एकटी कधीच नसायची. आई, काकू, सुईण, शेजारणी, कोणी पाठ चोळायला, कोणी पाणी तापवायला. दवाखान्यात आल्याबरोबर पहिली गोष्ट होते ती ही, की ‘नातेवाईक बाहेर थांबा’ असं सांगून दार लागतं. आतमध्ये एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण मुलगी. अनोळखी खोली, शेजारच्या टेबलावर ओरडणारी दुसरी बाई, आडोसा नाही. कोण डॉक्टर, कोण शिकाऊ, कोण मावशी, तिला ठाऊक नाही. कोणी येतं, न सांगता तपासून जातं. ओरडली तर ऐकून घ्यावं लागतं, ‘नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस?’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे, की ते एखाद्या एका सिस्टरचं म्हणता येत नाही. आपल्या समाजाचीच ती भाषा आहे. शरीरसुखाची शिक्षा म्हणून बाईने कळा सोसायच्या, हा त्यातला अर्थ आहे.

मांडीवर चापटी, पोटावर जोर देऊन दाबणं, भूल न देता घातलेले टाके, या सगळ्याला बायका हिंसा म्हणत नाहीत. ‘बाळंतपणात असं चालायचंच’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतीच्या वेळच्या अपमानास्पद आणि क्रूर वागणुकीविरुद्ध निवेदन काढलं. २०१८ च्या शिफारशींमध्ये तर स्पष्टच म्हटलं, की बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, कळा येत असताना हिंडू-फिरू द्यावं, सरसकट सगळ्यांना एनिमा देऊ नये, केस काढू नयेत, योनीला सरसकट छेद देऊ नये, पोट दाबून बाळ बाहेर काढू नये. ज्यांना आपण ‘रीत’ समजत होतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना वैद्यकशास्त्राचाच आधार नाही.

सोबतीबद्दल तर परवानगी आपल्याकडेही आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत ठेवायला मान्यता दिली. तिने स्वच्छ कपडे घालावेत, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानेही तेच धरलं. तरीही कित्येक ठिकाणी दार लागतंच, कारण हा नियम बाहेर थांबलेल्यांना माहीत नसतो आणि आतल्यांना अडचणीचा वाटतो.

इथे आणखी एक पेच आहे. सोबतीण कोण, हे ठरवणार कोण? घरच्यांना वाटतं सासूच जाणार. सासू मायेची असेल तर उत्तमच. पण मुलगी झाल्याचं कळताच तोंड फिरवणारी सासू आत असण्यापेक्षा, जिच्यापुढे मोकळेपणी रडता येईल अशी बहीण किंवा मैत्रीण असलेली बरी. म्हणजे सोबतीचा प्रश्न दवाखान्याशी भांडून अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा घरात सोडवावा लागतो, आणि तो कळा सुरू व्हायच्या आधी.

सही कोणाची?

दवाखान्यात गेल्याबरोबर कागद पुढे येतात. इथे सही, तिथे सही. आणि सही करतो नवरा, नाहीतर सासरा, नाहीतर भाऊ. जिच्या पोटावर सुरी चालणार, ती बाई दोन हातांवर खाटेवर पडलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही. ‘जबाबदार नातेवाईक कोण?’ हा प्रश्न ऐकला की मला नेहमी वाटतं, की या बाईने स्वतःची जबाबदारी घेण्याचं वय केव्हा गाठायचं?

कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. तपासणीसाठी गेलेल्या, भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकलं होतं. न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान आणि विचार करू शकणाऱ्या बाईच्या वतीने तिच्या आईची संमती चालणार नाही. संमती तिचीच हवी, आणि काय करणार, का करणार, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, हे समजावून सांगितल्यानंतरची हवी. आईची चालत नाही तिथे नवऱ्याची कशी चालेल?

आमच्या वस्तीतल्या एकीला, बाळ सात महिन्यांचं झाल्यावर पोट दुखतं म्हणून तपासायला गेली तेव्हा कळलं, की बाळंतपणाच्या वेळीच तिला तांबी बसवलेली आहे. केसपेपरवर संमतीची नोंद होती. तिला आठवत नव्हतं. कदाचित कोणीतरी विचारलं असेल आणि कळांच्या भरात तिने मान हलवली असेल. पण कळांच्या भरात हलवलेली मान ही संमती नव्हे. तांबी चांगलं साधन आहे, पुष्कळजणींना हवंही असतं. म्हणूनच तो निर्णय सातव्या-आठव्या महिन्यात, शुद्धीवर, शांतपणे व्हायला हवा आणि कार्डावर तसा लिहून ठेवायला हवा. नसबंदीचंही तसंच. ती शस्त्रक्रिया बाईची संमती असल्याशिवाय होऊ शकत नाही आणि तिला नवऱ्याच्या सहीची कायद्याने गरज नाही.

फुकट म्हणजे किती फुकट?

१ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईला, मग ती दारिद्र्यरेषेखालची असो वा वरची, पहिलटकरीण असो वा चौथ्या खेपेची, तपासण्या, औषधं, प्रसूती, सीझर, रक्त, सगळं मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सीझरनंतर सात दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात आणायला, एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं तर न्यायला आणि शेवटी घरी सोडायला गाडी मोफत. आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही मोफत. हे सगळं हक्काचं आहे, मेहेरबानी नाही.

आता खर्च कुठे होतो ते पाहा. औषध आत नाही म्हणून चिठ्ठी बाहेरची. रात्री दोन वाजता गाडी येत नाही म्हणून रिक्षा. मुलगा झाला म्हणून ‘चहापाणी’, मुलगी झाली तर थोडं कमी. बक्षिसीच्या दरातसुद्धा मुलीची किंमत कमी! आणि जो खर्च कुठल्याच योजनेत धरलेला नाही तो म्हणजे सोबतिणीची बुडालेली मजुरी. घरकाम करणारी आई लेकीजवळ तीन दिवस बसली की तीन दिवसांचा खाडा, कधी कामच सुटतं. जेवण बाळंतिणीला मिळतं, सोबतिणीला नाही. घरी मोठं मूल असेल तर त्याला सांभाळायला आणखी एक बाई हवी. बाळंतपणानंतरचे पहिले चोवीस तास सर्वांत जोखमीचे असतात, निदान ४८ तास तरी थांबावं, असं डॉक्टर सांगतात, आणि बरोबरच सांगतात. पण बाई दुसऱ्याच दिवशी घरी जायला निघते ती अडाणी असते म्हणून नव्हे. घरी दीड वर्षाचं पोर रडत असतं.

ऊसतोडणीला गेलेल्या बायकांचं तर आणखी निराळं. कार्ड गावी काढलेलं, आशाताई गावची, आणि कळा सुरू होतात तीनशे किलोमीटरवरच्या फडात. नव्या ठिकाणचा दवाखाना विचारतो, ‘नाव कुठे नोंदवलंय?’ कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे म्हणतात. ती पगार असलेल्यांना. कोयत्याला रजा नाही.

सीझरचं काय?

पाचव्या पाहणीनुसार देशात सीझरचं प्रमाण २१.५ टक्के आहे. सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खाजगीत ४७.४. महाराष्ट्रात एकूण २५.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटलं होतं, की एखाद्या समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने मातांचे व बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. ज्या बाईला सीझरची गरज आहे तिला ते वेळेवर मिळालंच पाहिजे. आदिवासी पाड्यावरच्या बाईला ते मिळत नाही आणि शहरातल्या बाईवर नको असताना लादलं जातं, हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा उलटा न्याय आहे.

पण ‘हल्लीच्या मुलींना कळा नकोत, म्हणून सीझर’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कळा देणं म्हणजे तासन्‌तास एकटीने पडून राहणं, शिव्या खाणं आणि कोणीही येऊन तपासून जाणं, असंच जर तिने ऐकलं असेल, तर ऑपरेशन तिला सुटका वाटणारच. खाजगी दवाखान्यात वेळेची आणि पैशांची गणितं असतात, घरच्यांच्या मुहूर्ताची हौस असते, हेही आहेच. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि खाजगी दवाखान्यांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्या भागातल्या किती दवाखान्यांत ते लागलं आहे? आमच्या भागात आम्ही दोघी-तिघी बघायला गेलो, तर एका ठिकाणी फलक होता, पण त्यापुढे कुंडी ठेवली होती.

सिस्टर आपली शत्रू नाही

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. एका रात्री एक सिस्टर, दोन मावश्या आणि दहा बाळंतिणी, असं असेल तर गोड कोणी बोलायचं? सिस्टर आणि मावशीही कष्टकरी बायकाच आहेत. त्यातल्या कितीतरी कंत्राटी आहेत, पगार वेळेवर नाही, रात्री घरी जायला सोय नाही. त्यांच्यावर हात झटकून चालणार नाही. पण हेच कारण मला सोबतिणीच्या बाजूचं वाटतं. पाणी द्यायला, पाठ चोळायला, धीर द्यायला घरचं माणूस जवळ असेल तर सिस्टरचा भार हलका होतो. आपण परिचारिकांच्या भरतीची मागणी करू आणि बायकांच्या सन्मानाचीही करू. एक मागताना दुसरं सोडायचं कारण नाही.

आठव्या महिन्याची बैठक

मग करायचं काय? मी एक सुचवते. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो, फुलांची वाडी भरतो, गाणी म्हणतो. ते खुशाल करू. पण आठव्या महिन्यात गटातल्या चौघी-पाचजणींनी त्या बाईच्या घरी बसून एक बैठक घ्यावी. तीत आशाताईला बोलवावं, नवऱ्याला आणि सासूलाही बसवावं.

पहिल्यांदा कार्ड वाचावं. रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, तारीख कोणती. पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ते आठव्या महिन्यात कळलं तर काही करता येतं, टेबलावर कळून उपयोग नाही. कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत घालावेत, पण कागद नाही म्हणून कळा आलेल्या बाईला परत पाठवता येत नाही, हेही सगळ्यांना सांगून ठेवावं.

दुसरं, दवाखाना आधी बघून यावा. रात्री डॉक्टर असतात का, सीझरची आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची सोय आहे का, नसेल तर पुढे कुठे पाठवतात, हे विचारावं. १०८ आणि १०२ चे नंबर भिंतीवर लिहावेत, आणि गाडी आली नाही तर कोणाची रिक्षा, हेही ठरवावं. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं हाताशी ठेवावीत. दुर्गम आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून ‘माहेरघर’ असेल तर तारखेच्या आधीच तिथे जाऊन राहता येतं.

तिसरं, धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. अंगावरून रक्त जाणं, फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, कळांआधीच पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता निघायचं. ‘हे घरी आले की जाऊ’ यात बायका गेल्या आहेत.

चौथं, तिला विचारावं. आत कोण हवं? तांबी हवी का नको? सीझर म्हणाले तर काय काय विचारायचं? दवाखान्यात असताना मोठ्या मुलाला कोण बघणार? आणि सोबतिणीचा खाडा भरून काढायला बचत गटातून काही देता येईल का? हे सगळं वहीत लिहावं आणि खाली सही तिची घ्यावी. कित्येकींच्या आयुष्यात स्वतःच्या शरीराबद्दलच्या कागदावर स्वतः केलेली ती पहिली सही असेल.

आणि पाचवं, बाई घरी आली की आठवड्याभराने परत जाऊन विचारावं, काय झालं, कसं वागवलं? ते लिहून ठेवावं. वर्षभरात वीस-पंचवीस बायकांच्या अशा नोंदी झाल्या की त्या घेऊन आपण वैद्यकीय अधीक्षकांकडे, रुग्ण कल्याण समितीत जाऊ शकतो. एकीची तक्रार ‘तिचं नशीब’ म्हणून बाजूला सारली जाते. पंचवीस जणींची सारता येत नाही.

ज्या गटांनी असं काही केलं असेल त्यांनी आपला अनुभव या अंकाकडे जरूर लिहून पाठवावा. काय जमलं तेही, आणि कुठे दार लागलं तेही.